ओला-सुका कचरा एकाच गाडीत!

महोदय,
युरोपीय संघाने १९९९ मध्ये नियम केला : डेपोत पुरला जाणारा कुजणारा कचरा टप्प्याटप्प्याने १९९५च्या ३५ टक्क्यांवर आणायचा. जर्मनीने तर २००५ पासून प्रक्रिया न केलेला कचरा पुरणेच थांबवले. तिथल्या डेपोत कचरा कुजून निघणारा मिथेन गेली अनेक वर्षे घटतो आहे. हा वायू वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापदायक, आणि डेपोतल्या आगी भडकवणाराही. पुण्याचा कचरा डेपो सोसलेल्या फुरसुंगी-उरुळीकरांना वेगळे सांगायला नको!

आमच्याकडे मात्र घरात वेगळी ठेवलेली भाजीची देठे नि चहाचा चोथा कोपऱ्यावरच्या गाडीत प्लॅस्टिकसकट एकाच ढिगात पडतो. वर्गीकरणाचे नियम २०१६ पासून आहेत. गाडीत दोन कप्पे करायला किती वर्षे लागतात?

– एक वाचक, कोथरूड, पुणे