माननीय ऊर्जामंत्री, राखेचा खर्चही हिशेबात धरा

माननीय ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

घरचं वीजबिल समोर ठेवून हे पत्र लिहिते आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि त्याखाली इंधन समायोजन आकार. दर ठरवताना धरलेल्या खर्चापेक्षा कोळसा महाग पडला, की तो फरक या ओळीतून आमच्याकडून वसूल होतो.

वीज नियोजनाची मॉडेल्स, म्हणजे पुढची वीज कुठून आणि किती खर्चात घ्यायची याचे संगणकी हिशेब, मी रोज हाताळते. त्यांत कोळशाच्या भावाचा एक रकाना असतो. बहुतेकदा यंदाचा भाव घ्यायचा, दरवर्षी ठरावीक टक्के वाढवायचा आणि तीच रेघ वीस वर्षं पुढे ओढायची, एवढंच केलं जातं. 2022 साली युक्रेन युद्धानंतर आयात कोळशाचे भाव भडकले. त्याच वर्षी केंद्राने वीजकेंद्रांना दहा टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं. ती रेघ तिथेच मोडली. सौर किंवा पवन प्रकल्पाचा खर्च मुख्यतः उभारणीत होतो, पुढे इंधनाचा भाव वाढण्याचा प्रश्नच नाही. हा फरक मॉडेलमध्ये उतरलाच नाही, तर कोळसा आहे त्याहून स्वस्त दिसणारच.

पण मला त्याहून जास्त सलते ती कोळसा जळून उरणारी राख. कोणता वीजनिर्मिती संच आधी चालवायचा हे मेरिट ऑर्डरनुसार ठरतं: ज्याचा चल खर्च कमी, तो आधी. चल खर्च म्हणजे मुख्यतः इंधन. चिमणीच्या आसपास किती माणसं राहतात, याला त्या यादीत जागाच नाही. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राजवळचा, खसाळ्याचा राख साठवण्याचा बंधारा फुटला आणि आसपासच्या शेतांत राखेचं पाणी शिरलं. पेरणीच्या हंगामात वावरात राखेचा गाळ बसला, तर शेतकऱ्याचं नुकसान प्रतियुनिट किती पैसे? मॉडेल सांगतं, शून्य.

डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली, मुदत दोन वर्षांची दिली. मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना या अटीतून सूट मिळाली. धूर धुण्याच्या यंत्रणेचा खर्च वगळला, की कागदावर कोळशाची वीज लगेच स्वस्त होते. चिमणीतून निघणारा वायू तेवढाच राहतो, त्याचा खर्च फक्त दवाखान्याच्या बिलात जातो.

महोदय, लगेच वीज महाग करा, असं मी म्हणत नाही. राज्याच्या वीज नियोजनाचं मॉडेल दोनदा चालवावं: एकदा आजच्या पद्धतीने आणि एकदा आरोग्य, पाणी, राख यांचा खर्च धरून, कोळशाचे तीन-चार वेगवेगळे भाव घेऊन. सौर प्रकल्पाची जमीन आणि बॅटरीची विल्हेवाट यांचा खर्चही त्यात यावा, काटा सर्वांना एकच हवा. कोळशावरचा जीएसटी मात्र या खर्चात धरू नये. सप्टेंबर 2025 मध्ये तो 5 वरून 18 टक्के झाला आणि टनामागचा 400 रुपयांचा उपकर गेला, पण कर वाढला म्हणून कुणाच्या फुप्फुसातली धूळ मोजली गेली असं होत नाही.

हे दोन्ही निकाल, त्यांमागच्या गृहीतकांसह, मराठीत जाहीर करावेत. वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीला येणाऱ्या गावकऱ्यांच्या हातात ते सुनावणीआधीच पडावेत, ही विनंती.

आपली नम्र,
नागपूरची एक वीजग्राहक