नंदे, परत तेच झालं

प्रिय नंदे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग वाच. आठ महिने झाले, तुझे तीन मिस्ड कॉल आणि तो लांबलचक व्हॉइस मेसेज, जो मी अजूनही शेवटपर्यंत ऐकलेला नाही कारण सुरुवातीलाच तुझा आवाज भरून आला आणि मी बसमध्ये उभी होते, मग नंतर ऐकू म्हणता म्हणता ऐकायची भीतीच बसली. काकांच्या वेळी मी यायला हवं होतं. "सावर गं" एवढं टाइप करून मोकळी झाले, ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. तब्येतीचं म्हणशील तर गुडघा आहे तसाच, थायरॉईडची गोळी चालू, चष्म्याचा नंबर वाढला. झालं.

आज लिहितेय कारण परत तेच झालंय. हॉस्टेलचं. ग्लासवालं. यावेळी ग्लास नाहीये, पण तुला वाचलंस की कळेल. घरी सांगायला गेले तर "तू कशाला मध्ये पडतेस" एवढ्यात विषय संपला, आणि स्टाफरूममध्ये बोलायची सोय नाही, तिथे भिंतींना नुसते कान नाहीत, व्हॉट्सॲप पण आहे.

तर बारावी सायन्सची मराठी. सत्तर पोरं, त्यातली पन्नास मराठीच्या पुस्तकाखाली सीईटीची वही ठेवून बसलेली, आणि मला ते दिसत नाही असं त्यांना वाटतं. एक दिवस वैतागून पुस्तक मिटलं आणि मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि १८५५ साली तो ज्ञानोदय नावाच्या नियतकालिकात छापून येतो. वेद जर ब्राह्मणांचेच, आम्हाला ते बघायची पण परवानगी नाही, तर मग आमचा धर्म कुठला ते तरी कळू दे, असं ती सरळ देवालाच विचारते. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, चौदा म्हणजे नववीतली?" तेव्हा पहिल्यांदा दोन-चार सीईटीच्या वह्या मिटल्या.

मी पण मग चढले हरभऱ्याच्या झाडावर. म्हणलं तुम्हाला खरोखर पडलेला एक प्रश्न लिहून आणा. काय आलं असेल? "मोबाईल शाप की वरदान", एकोणीस जणांकडून. एकानं "मराठीला प्रोजेक्ट का असतो" असा अगदी मनापासूनचा प्रश्न आणला, त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

म्हणून पुढच्या आठवड्यात अतुल पेठेंची 'कचराकोंडी' लावली, पुण्यातल्या सफाई कामगारांवरची फिल्म. तुझं-माझं ते जुनं भांडण आठवलं मला तेव्हा. तू म्हणायचीस पुस्तकच खरं, कारण ते एकट्यानं वाचावं लागतं, कुणाच्या तोंडाकडे बघून मत बनवता येत नाही. मी म्हणायचे फिल्म जास्त पोचते. तर बाई, हे कबूल करते की पहिली पाच मिनिटं पोरं पडद्याकडे बघतच नव्हती, एकमेकांकडे बघत होती, कोण हसतंय, आपण हसायचं का. दोघांनी नाकाला रुमाल लावायची ॲक्टिंग केली. मग हळूहळू ती ॲक्टिंग बंद पडली, कुणी दटावलं नाही, आपोआप. दिवे लावले तेव्हा कुणालाच पहिल्यांदा बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. नाव नाही लिहीत, पण तुला ती आवडेल, तुझ्यासारखीच बोलताना मान वाकडी करते. हातात केमिस्ट्रीचं पुस्तक. म्हणाली, "मॅडम, हायड्रोजन सल्फाईड आम्हाला आहे. सडक्या अंड्यासारखा वास, एक मार्काला येतं. पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, हे पुस्तकात नाहीये." मग स्वतःच पुढे म्हणाली, म्हणजे टाकीत उतरलेल्या माणसाला वाटत असणार गॅस गेला. मी नुसती बघत राहिले गं. मराठीच्या तासाला बघितलेली फिल्म आणि केमिस्ट्रीचा एक मार्क हिनं घरी जाऊन जोडलं होतं, आम्ही मास्तर लोक तीस वर्षं एका स्टाफरूममध्ये बसून जोडत नाही.

मग ती थांबेचना. हातानं मैला साफ करायला लावायच्या विरोधात १९९३ चा एक कायदा होता, मग २०१३ चा नवा आला. तो लागू झाला ६ डिसेंबरला, तर मला विचारते, "मॅडम, ६ डिसेंबर मुद्दाम ठेवला असेल का?" गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले, हे तिनं वहीत लिहून आणलेलं. आणि खाली लाल पेननं, "मेल्यावर किती ते ठरलंय, जिवंतपणी हातमोजे कुणी द्यायचे?" आणि त्याच्याखाली, "आपल्याकडे कोण करतं?"

हा शेवटचा प्रश्न तिचा नव्हे गं, माझा असायला हवा होता. लॅबच्या मागचं मुलींचं टॉयलेट. तिथे डस्टबिन नाही, कधीच नव्हता, त्यामुळे पॅड सगळे खिडकीच्या जाळीत कोंबलेले असतात, काही कागदात, काही तसेच. मावशी एका हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात, मनगटाला रबर लावतात आणि वाकवलेल्या तारेनं एकेक ओढून काढतात. चौदा वर्षं मी त्यांना बघतेय. त्या दिसल्या की मी काय करायचे सांगू? मी वेळ बदलायचे. त्यांचं आटपल्यावर जायचे. त्या जाळीत माझंही असणारच की कधीतरी.

तर ही आणि तिच्या चार मैत्रिणी मधल्या सुट्टीत वही घेऊन मावशींकडे गेल्या. पगार किती, पीएफ कापतात का, मोजे मिळतात का. मावशींना आधी बरंच वाटलं म्हणे, बोलल्या भरपूर. त्या कॉलेजच्या नाहीतच, कंत्राटदाराच्या, आणि त्याच्या हजेरीवर 'हेल्पर' म्हणून. एकीनं व्हिडिओ काढला. फिल्ममध्ये बघितलं होतं ना, कॅमेरा हातावर. तसंच. चेहरा मुद्दाम घेतला नाही, म्हणजे ओळखू येणार नाहीत असं बिचाऱ्यांना वाटलं. नुसते हात, पिशवी, जाळी. आणि मनगटावरचं गोंदण, स्पष्ट, रबराच्या वर.

पुढचं तुला सांगायला नकोच. स्टेटस, मग ग्रुप, मग दुसरा ग्रुप, दोन दिवसांत कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे. गुरुवारी मावशींना सांगितलं सोमवारपासून इथे येऊ नका, दुसऱ्या साइटवर जा. ती साइट कुठे तर दोन बस बदलून. त्या जिन्यात उभ्या राहून त्या पोरीवर ओरडत होत्या, "तुमचा पिच्चर झाला, माझं काम गेलं." अख्ख्या मजल्यानं ऐकलं.

नंदे, आठवलं ना?

तुला दया पवारांचं बलुतं हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनीच दिलं होतं, "वाच, डोळे उघडतील" म्हणून. तू पॅसेजच्या दिव्याखाली दोन रात्री बसून वाचलंस आणि तिसऱ्या दिवशी तुझे डोळे उघडले ते थेट मेसच्या मागच्या खिडकीतल्या त्या उपड्या ग्लासवर. तोपर्यंत तो ग्लास तिथेच होता, आपण सगळ्यांनी बघितला होता, झाडूवाल्या बाईंचा ग्लास म्हणून. तू त्यानं पाणी प्यायलीस, सगळ्यांसमोर, आणि नेऊन रेक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलास. काय आवाज झाला होता त्याचा. आठ दिवसांत त्या बाई यायच्या बंद झाल्या. आणि मी तुला काय म्हणाले? "तुझी क्रांती झाली, तिची चूल विझली." हे वाक्य मी आदल्या रात्री घासूनपुसून तयार केलं होतं, आता खरं सांगते. नंतर दोन महिने आपण बोललो नाही आणि मला उगाच वाटत राहिलं की त्या बाईंची काळजी फक्त मलाच आहे. त्या कुठे गेल्या हे विचारायला मात्र मी एकदाही गेले नाही. तू गेली होतीस, हे मला किती वर्षांनी कळलं.

अजून एक. ग्लासच्या वेळच्या त्या अर्जावर अकरा सह्या होत्या, आठवतं? नंतर रेक्टरबाईंकडे गेला तेव्हा दहा होत्या. मी संध्याकाळी जाऊन माझं नाव खोडून आले होते. तुला माहीत होतं का? माहीत असूनही तू परत बोलायला लागलीस का? कधीतरी सांग, फोनवर नको, लिहून सांग.

तर गुरुवारी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, आता काय करायचं?" आणि माझ्या तोंडून फटकन काय निघावं, "मी तुम्हाला फिल्म दाखवली होती, व्हिडिओ काढायला सांगितलं नव्हतं." शब्द संपायच्या आत मला कळलं हे कुणाचं वाक्य आहे. "मी तुला पुस्तक वाचायला दिलं होतं, तमाशा करायला नाही." तोच सूर, तोच चष्मा वर सरकवणं सुद्धा. बलुतंच्या सुरुवातीला दया पवारांना त्यांच्यातलाच जुना दगडू भेटतो ना, तशा मला आपल्या रेक्टरबाई भेटल्या, माझ्याच साडीत.

ती काही बोलली नाही, मान वाकडी करून नुसतं बघितलंन आणि गेली.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. रात्री दोनला उठून बसते. आपण पोरांना पुस्तक देतो, फिल्म दाखवतो, का तर त्यांनी प्रश्न विचारावेत. प्रश्न दूरचा असला की आपल्याला किती अभिमान. १८५५ चा असला की तर टाळ्याच. तो जिना उतरून आपल्या मजल्यावर आला की परवानगी घेतली होती का. (प्रिन्सिपॉल अगदी हेच म्हणाले, "यापुढे काही दाखवायचं तर आधी कल्पना देत जा." माणूस वाईट नाही गं, त्याच दिवशी हातमोज्यांचे दोन बॉक्स मागवले. ते स्टोअरच्या कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे, किल्ली क्लार्ककडे आहे आणि क्लार्क रजेवर आहे.) पण मला माझंही चुकलेलं दिसतंय, नुसतं घाबरले एवढंच नाही. चांगली फिल्म करणारा माणूस त्या लोकांमध्ये दिवसच्या दिवस काढतो, विचारतो, थांबतो, हे नको म्हणाले तर ते गाळतो. पोरींकडे मधली सुट्टी होती, वीस मिनिटं. मी त्यांना बघायला शिकवलं आणि ज्याच्याकडे बघायचं त्याला आधी काय विचारायचं ते शिकवायचं राहूनच गेलं. तूही तेव्हा त्या बाईंना विचारलं नव्हतंस, हे मात्र मी अजूनही म्हणणार, चिडलीस तरी चालेल. पण तू एकोणीस वर्षांची होतीस. मी एक्कावन्न आहे.

शनिवारी मावशींच्या घरी जाऊन आले. मुलीला घेऊन नाही, एकटी. दार उघडलं, आत ये म्हणाल्या नाहीत, उंबऱ्यातच बोललो. म्हणाल्या पोरींचं काही नाही, पोरी चांगल्यायत, "पण मॅडम, तुम्ही इतकी वर्षं होतात की तिथं." यावर मला काही सुचलं नाही, खरंच काही नाही. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं की परत इथेच काम मिळालं तर पाहिजे, आणि डस्टबिन ठेवा.

आता परिस्थिती अशी की पोरींनी अर्ज लिहिलाय, यावेळी मावशींना वाचून दाखवून, त्यांनी सांगितलेली दोन वाक्यं काढून. मागण्या तीनच, मावशींना परत इथे आणा, मोजे द्या, डस्टबिन ठेवा. खाली तेवीस सह्या. वरती 'मार्गदर्शक शिक्षक' म्हणून एक ओळ मोकळी ठेवलीय, माझ्यासाठी, कुणी काही बोललं नाही पण कळतं ना. अर्ज माझ्या पर्समध्ये आहे, काल दिवसभर होता, आज पण. कंत्राटाचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे आणि माझी सीनिऑरिटीची फाइल त्याच टेबलावर आहे, हे तुला सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं सांगणं खोटं ठरेल म्हणून सांगते.

मला धीर देऊ नकोस. "तू करशील गं" असलं काही पाठवलंस तर ब्लॉक करीन. तेव्हा त्या ग्लासनंतर तू त्या बाईंना शोधायला गेलीस तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या, एवढं फक्त सांग. मी कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस.

बाकी तुझं बोल. बदलीचं काय झालं? चिनूची दहावी ना यंदा, त्याला म्हणावं मावशी मराठीचा पेपर फोडू शकत नाही, तालुका वेगळा आहे. काकू एकट्या राहतायत की तुझ्याकडे आल्या? व्हॉइस मेसेज आज रात्री ऐकते, वचन. रविवारी फोन कर, सकाळी नको, त्या वेळी घरात सगळे असतात.

तुझीच,
मंगी

ता.क. बलुतं तुझ्याकडेच आहे ना, हॉस्टेलच्या लायब्ररीचा शिक्का असलेलं, जे तू परत केलंच नाहीस? कुरिअरनं पाठव. ती मुलगी मागतेय आणि आमच्या लायब्ररीतलं कुणीतरी ढापलंय.