उचलून नेणं सोपं, सोडायचं कुठे?

मा. संपादक महोदय,
स. न.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी मागणी केली होती की, नागपूरच्या बर्डीवर आणि उड्डाणपुलांखाली फिरणाऱ्या ‘वेड्यांना’ पोलिसांनी गाडीत घालून पागलखान्यात पोचवावं, म्हणजे शहर स्वच्छ दिसेल. पत्र मी तीनदा वाचलं. त्यांच्यावर रागावायचा मला अधिकार नाही, कारण हेच काम मी पुष्कळ वर्षं केलं आहे. गाडीत घालायचं नव्हे, कागद टाइप करायचं.

मी फौजदारी कोर्टात कारकून होते. आधी तालुक्याच्या गावांना, शेवटची काही वर्षं नागपुरात. तेव्हा १९८७चा मानसिक आरोग्य कायदा लागू होता. मनाचा तोल गेलेली बेवारस व्यक्ती रस्त्यात सापडली की पोलिसांनी चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायची, डॉक्टरचा दाखला जोडायचा आणि साहेबांनी भरतीचा हुकूम काढायचा. रिसेप्शन ऑर्डर म्हणत असू आम्ही तिला. नमुना ठरलेला. नाव: अज्ञात. वय: अंदाजे अमुक. राहणार: इथे मी आडवी रेघ मारायची. दहा मिनिटांचं काम.

एकदा अशाच एका बाईने, साहेब बसायच्या आधी, माझ्या टेबलावरचा उघडा डबा ओढला आणि त्यातली पोळी उचलली. शिपाई धावला, मी राहू दे म्हटलं. तिने ती पोळी खाल्ली नाही. चार घड्या घातल्या, लुगड्याच्या सोग्यात बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. पुढच्या जेवणाची तजवीज करणारी बाई. मी मात्र तिच्या कागदावर ‘राहणार’पुढे नेहमीसारखी रेघ मारली आणि फाइल पुढे सरकवली.

ती रेघ पुढे काय करते ते मला निवृत्तीनंतर कळलं. औषधं लागू पडतात, बाई शुद्धीवर येते, डॉक्टर लिहितात की आता हिला भरती ठेवायची गरज नाही. पण सोडायचं कुठे? पत्ताच नाही. मग एक वर्ष, दोन वर्षं, नऊ वर्षं. आपल्या महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरं होऊनही जायला जागा नाही म्हणून अडकलेल्या माणसांचा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. आपल्या राज्यात अशा लोकांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात होतं. २०२१च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने ते थांबवायला सांगितलं, कायद्याच्या हेतूलाच हे धरून नाही म्हणून. भीक न मागितलेल्या माणसाला भिक्षेकरीगृहात पाठवायचं, ही कल्पना कोणाच्या टेबलावर जन्मली असेल ते मी सांगू शकते. माझ्यासारख्याच कोणाच्या तरी. रकाना भरायचा असतो ना.

आता २०१७चा कायदा आहे, २०१८पासून लागू. त्याचं कलम १९ मी चष्मा लावून वाचलं. कुटुंब नाही, कुटुंब घ्यायला तयार नाही, माणूस बेघर आहे किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. आणि त्यांना वस्तीत राहता यावं म्हणून सरकारने ‘वाजवी मुदतीत’ अर्धवाट गृहं, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम, चार-पाच जणांची सामूहिक घरं अशी सोय करायची आहे. वाजवी मुदत! ज्याने कोर्टात नोकरी केली त्याला या दोन शब्दांची लांबी ठाऊक असते.

आता माझ्या घराचं सांगते. मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये आमचं दुमजली घर आहे. मी वर राहते. खालच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्याने द्यायचं म्हणून गेटला पाटी लावली होती. एका संस्थेच्या दोन मुली आल्या. मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्या चार बायका आणि त्यांच्यासोबत राहणारी एक ताई, अशा पाच जणींसाठी जागा हवी होती. त्याआधी त्यांना किती ठिकाणांहून हाकललं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण चपला पाहून कळत होतं. मी ‘कळवते’ म्हटलं. म्हणजे नाहीच म्हटलं. जाताना त्यातली एक सहज बोलली, “काकू, घर मिळालं की आधी त्यांचा पत्ता लागतो सगळ्या कागदांवर. तो नाही म्हणूनच तर आत आहेत.” त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी फोन केला. अकरा महिन्यांचा करार संस्थेच्या नावाने, भाडं बारा हजार, पोलिस व्हेरिफिकेशन सगळ्यांसारखंच.

लेआउटच्या हनुमान मंदिरात बैठक बसली. “काकू, तुम्ही हे काय करून राहिल्या? उद्या काही झालं तं?” “आमच्या पोरी इथूनच क्लासला जातात.” एका भाऊंनी तर प्लॉटचे भाव किती पडतील तेही सांगून टाकलं. कोणी वाईट माणसं नव्हेत. कोविडमध्ये याच भाऊंनी माझा सिलेंडर वर आणून दिला होता.

पहिला महिनाभर एक गोष्ट रोज घडायची. रात्री नऊला खालून कोणीतरी जिन्याशी येऊन विचारायची, “बत्ती बंद करू?” मी म्हणायची, करा की. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, विजेच्या बिलाची काळजी असेल. ताईने सांगितलं की त्या बाईच्या हाताशी नऊ वर्षांत दिव्याचं बटण आलंच नव्हतं. महिन्याने एका रात्री कोणी विचारायला आलं नाही. खाली अंधार झाला तेव्हा मी वर एकटीच हसले.

दोन लाइनींवरच्या या शहरात चारही दिशांची माणसं उतरतात. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई दोन्ही गाड्या नागपूरवरून. ज्याचं मन रुळावरून उतरलं, तो इथे नुसताच उतरतो. आमच्याकडची एक भंडाऱ्याकडची, एक छत्तीसगढी बोलणारी, एक तेलुगू, आणि एकीची बोली अजून आम्हाला नीट कळत नाही, ती बहुधा बंगालच्या बाजूची. भांडणं होतात, मुख्य म्हणजे भातावरून. भंडाऱ्याच्या बाईला कणी फुटलेला भात चालत नाही आणि तेलुगू बाईला बिनतिखटाचं काहीच. परवा दोघींनी मिळून गोळाभात केला, तो कोणालाच आवडला नाही.

मे महिन्याचं सांगायलाच हवं, कारण त्यावर फारसं कोणी बोलत नाही. पारा पंचेचाळीसला टेकला होता. दुपारी ताई हाक मारत वर आली. छत्तीसगढची बाई पलंगावर लालभडक होऊन पडली होती, कातडी तापलेली आणि कोरडी, घामाचा थेंब नाही. अंगात स्वेटर. ओल्या चादरीत गुंडाळून कूलरसमोर धरलं, रिक्षा करून मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं, वाचली. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या आणि त्यांचे त्रास कमी करायला देतात त्या गोळ्याही घाम येणं कमी करतात, शरीराचं तापमान सांभाळण्याचं काम बिघडवतात. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गोळ्यांच्या डब्याशेजारी ओआरएसची पाकिटं असतात आणि दुपारी बारा ते पाच गेटला कुलूप. तेही त्यांनीच लावलेलं. मला आता पुलाखालचा माणूस मेमध्ये तीन शर्ट घालून दिसला की पोटात गोळा येतो. त्याला गोळ्या मिळत नसतील तर आजार आहे, आणि मिळत असतील तर ऊन आहे. कूलर आणि सोबत कोणीतरी असल्याशिवाय नागपुरात औषधसुद्धा पुरं पडत नाही.

सगळं गोड चाललं आहे असं नाही. दुसऱ्या वर्षी, मारबतीच्या आठवड्यात, तेलुगू बाईने गोळ्या चिकटपट्टी लावून पलंगाच्या पाट्याखाली चिकटवायला सुरुवात केली होती. ताईला पत्ता लागला तोवर उशीर झाला होता. तीन रात्री ओरडणं. चौथ्या रात्री शेजारच्या खिडकीची काच फुटली. खोटं का बोलू, मी वरचं दार आतून लावून घेतलं, त्यावर खुर्चीही टेकवली. पोलिस आले, रुग्णालयात नेलं. सकाळी लेआउटचे लोक जमले, “आता तरी काढा.” काचेचे पैसे संस्थेने भरले.

तिचा पलंग मात्र कोणी हलवला नाही. भाडं चालू राहिलं, रॅकवर तिची ताटली तशीच. साडेतीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा कुठे राहायचं हा प्रश्नच नव्हता. बरी झालीस तर घर मिळेल, अशी अट नाही. घर आहेच, त्यात राहून बरं व्हायचं, पुन्हा बिघडलं तर पुन्हा तिथेच यायचं. ही रीत न्यूयॉर्कमध्ये १९९२पासून चालवली गेली, कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांहून जास्त माणसांवर तपासून पाहिली, आणि घर आधी मिळालेले लोक घरात कितीतरी जास्त टिकले. इतक्या लांब जायचं नसेल तर चेन्नईच्या बनियन या १९९३मध्ये सुरू झालेल्या संस्थेने २०१५पासून साध्या वस्त्यांत घरं भाड्याने घेऊन चार-पाच जणांना एकत्र राहायला दिलं. आपल्याच राज्यात कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्यात हयात घालवली, २०१८मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. पण पोचवायला घर असावं लागतं, आणि घराला ती व्यक्ती हवी असावी लागते.

छत्तीसगढच्या बाईचं घर सापडलं होतं. आधार काढायला गेलो तर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले, त्यावरून गाव, गावावरून भाऊ. भाऊ आला, रडला, घेऊन गेला. नऊ दिवसांनी ती एकटीच गाडीने परत आली. तिकीट काढून, हे विशेष. काय झालं ते आम्ही विचारलं नाही. ती आल्या आल्या चहाला आधण ठेवायला गेली.

बाकी तिघींचे कागद म्हणजे माझ्या जुन्या नोकरीची शिक्षाच. संजय गांधी निराधार योजनेला पंधरा वर्षांच्या महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा दाखला लागतो. जिला आपलं गाव आठवत नाही तिने तो कुठून आणायचा? एका कार्यालयात मला सांगितलं, “मॅडम, नावापुढे अज्ञात चालत नाही.” मी म्हटलं, कोर्टात चालायचं.

त्या पत्रलेखक गृहस्थांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पोलिसांनी अशा माणसाकडे पाठ फिरवू नयेच. आताच्या कायद्याचं कलम १०० त्यांना तेच सांगतं: संरक्षणात घ्या, चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात न्या, कोठडीत ठेवू नका, घरच्यांचा शोध घ्या. त्याच कलमात हेही आहे की, भरतीची गरज नसलेल्या बेघराला बेघरांसाठीच्या सरकारी जागेत पोचवायचं. रात्रनिवाऱ्यात अंथरूण मिळेल. रोजची गोळी हातावर कोण ठेवणार, स्वेटर कोण काढणार?

म्हणून माझं महापालिकेला आणि आरोग्य खात्याला एवढंच सांगणं आहे की, नव्या इमारतीची कोनशिला बसवू नका. दहा वर्षं जातील आणि तोवर तीही वॉर्डच होऊन बसेल. मानेवाडा, नंदनवन, जरीपटका, गोधनी, जिथे रिकाम्या खोल्या आहेत तिथे भाड्याने घ्या, करार सरकारच्या नावाने करा, भाडं वेळेवर द्या आणि सोबत राहणाऱ्या ताईला जगण्याइतका पगार द्या. आमची ताई पाच घरांत धुणीभांडी करून यापेक्षा जास्त कमावू शकली असती. ती गेली तर माझं घर नुसत्या चार भिंती. पुरुषांसाठीही घरं हवीत. घरमालक बायकांना कसंबसं हो म्हणतात, पुरुषांच्या नावाने दारच उघडत नाहीत.

आमचा करार येत्या महिन्यात संपतो, मी नवा करणार आहे. प्लॉटचे भाव सांगणाऱ्या भाऊंनी त्यांच्या मागच्या खोल्यांबद्दल परवा उगाचच विचारून पाहिलं की, संस्था भाडं कोणत्या तारखेला देते. पाच तारखेला, मी सांगितलं.

नाव छापू नये. आपल्या वाचकांपैकी कोणाला खरोखर घर द्यायचं असेल तर माझा पत्ता आपल्याकडे आहे, तो त्यांना कळवावा. नुसतं पाहायला मात्र कोणी येऊ नये. मीच त्यांच्याकडे जाईन.

आपली नम्र,
एक निवृत्त कोर्ट कर्मचारी
मानेवाडा, नागपूर