लॅबमधल्या मुलीस, एका सासूचं जाहीर पत्र

प्रिय मुली,

नाव लिहू नका, सर रागावतील, असं तू बजावून सांगितलंस, म्हणून लिहीत नाही. आपल्या वाईत पांढऱ्या कोटातल्या मुली बऱ्याच आहेत, तेव्हा निर्धास्त राहा. आभार मात्र मी चारचौघांतच मानणार.

रिपोर्टवर सही साहेबांची असते, तुझं नाव त्यात कुठेच नसतं. तुझं काम म्हणजे रक्त यंत्रात घालायचं, आकडे छापायचे, सकाळी सही झाली की व्हॉट्सॲपवर धाडायचे. त्या रात्री तू तेवढंच करून घरी गेली असतीस, तर कुणी तुला बोल लावला नसता. आणि आमची सून बहुधा राहिली नसती.

आपल्याकडे थायरॉइड म्हटलं की वजन वाढणं, केस गळणं आणि पहाटे उपाशीपोटी घ्यायची ती गोळी. आमच्या आळीत दोन घरांआड कुणीतरी ती घेतंच. सूनबाईचं सगळं उलटं होतं. तिची ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करत होती. बसल्या जागी छाती धडधडायची, हात थरथरायचे, जेवण नीट असून अंगावरचे कपडे सैल होत चालले होते. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी ग्रेव्हजचा आजार असं निदान केलं आणि ग्रंथीला आवर घालणारी कार्बिमाझोल ही गोळी सुरू केली. निदान बरोबर होतं, गोळीही बरोबर होती, धडधड थांबली. उगाच खोटं कशाला बोलू? फी घसघशीत घेतली, पुढच्या भेटीची तारीख दिली. एक वाक्य तेवढं राहिलं. ही गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आलं, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. मी घड्याळ लावून म्हणून पाहिलंय, दहा सेकंद पुरतात.

गौरी जेवल्या त्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. घसा असा धरला की थुंकी गिळवेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घशाचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या लिहून दिल्या. ताप उतरायचा आणि गोळीचा अंमल संपला की पुन्हा चढायचा. भाद्रपदात ताप म्हणजे आधी डेंग्यूच आठवतो, म्हणून त्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, सांगितली. हे त्यांचंच श्रेय, ते मी नाकारत नाही. पण संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यातून तुला फोन आला तो एकच आकडा विचारायला: प्लेटलेट्स किती? दोन लाखांच्या वर. मग काही नाही, व्हायरल आहे, उद्या बघू. पांढऱ्या पेशी फारच कमी आहेत, असं तू म्हणालीस. व्हायरलमध्ये होतात कमी, असं उत्तर मिळालं. फोन बंद.

होतात कमी, हे खरंच आहे. म्हणून तर कुणाला शंका येत नाही. एरवी चार ते अकरा हजार असणाऱ्या पेशी तेराशेवर आल्या होत्या. पण तू त्याच्या खालची, कुणी न वाचणारी ओळ वाचलीस. न्यूट्रोफिल दोन टक्के. जंतू आत शिरले की सगळ्यांत आधी धावतात त्या याच पेशी. त्या पाचशेच्या खाली गेल्या की साधा घशातला जंतूसुद्धा जिवावर उठू शकतो, आणि सूनबाईकडे उरल्या होत्या अवघ्या सव्वीस. यंत्र चुकलं असेल म्हणून तू नमुना पुन्हा लावलास. मग काचपट्टी रंगवून मायक्रोस्कोपखाली धरलीस. साहेबांना फोन केलास, ते गणपतीला गावी, फोन लागेना. दवाखाना बंद झालेला. तेव्हा फॉर्मवरचा आमच्या घरचा नंबर फिरवलास.

"काकू, पेशंटला आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

मी म्हटलं, थायरॉइडची. एवढ्यावर कुणीही फोन ठेवला असता, कारण थायरॉइडची गोळी कोण घेत नाही? तू म्हणालीस, नाव वाचून दाखवता का? आता रात्री दहानंतर माझा चष्मा कुठला सापडायला! पोरगा तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेला, नातू पेंगुळलेला, आणि मी आख्ख्या घरात चाचपडतेय. तुला म्हटलं, बाळ, सकाळी सांगितलं तर चालेल का? "नाही काकू. सावकाश शोधा, मी थांबते."

आणि तू थांबलीस. दिवसभर उभं राहून रक्त काढलेली, घरी जायची वेळ टळून गेलेली मुलगी फोन धरून थांबली. आतून तुझ्या कुठल्याशा यंत्राची घरघर ऐकू येत होती. चष्मा मिळाला गणपतीच्या आराशीमागे. पाकिटावरची निम्मी अक्षरं गोळ्या काढून काढून फाटलेली. "कार्बि," मी वाचलं, "पुढचं दिसत नाही." पुढचं तूच म्हणालीस. मग तुझा आवाज बदलला. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आजची गोळी देऊ नका, आणि उद्यावर ढकलू नका, आत्ता मोठ्या हॉस्पिटलला न्या, रिपोर्टचा फोटो मी पाठवते, गेल्या गेल्या गोळीचं नाव सांगा. ओरडली नाहीस, घाबरवलंही नाहीस.

पुण्यातलं सगळं सांगत बसत नाही. कार्बिमाझोल हा शब्द ऐकल्यावर तिथली तरुण डॉक्टरीण खुर्चीतून उठलीच. वेगळी खोली, शिरेतून अँटिबायोटिक्स, पेशी वाढवायची इंजेक्शनं. आठवडा उलटल्यावर न्यूट्रोफिल दिसायला लागल्या. उशीर झाला असता तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले. तेव्हाच कळलं, की ही गोळी घेणाऱ्या हजारांत दोन ते पाच जणांच्या या पेशी गोळीमुळेच अशा संपतात, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, आणि अचानक. परवाचं रक्त चांगलं होतं म्हणून आजचं असेल याचा भरवसा नाही. जपानमध्ये सुरुवातीचे दोन महिने दर पंधरवड्याला रक्त तपासायला सांगतात. तेवढं इथे जमो न जमो, रोग्याच्या कानावर ते एक वाक्य तरी घालावं की नाही? नंतर मोठ्या डॉक्टरांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, फार दुर्मीळ असतं हो हे. हजारात पाच दुर्मीळच. आमच्या घरात मात्र सून एकच आहे.

तुला भेटायला साताऱ्याचे कंदी पेढे आणि एक साडी घेऊन आले होते. साडी तू घेतली नाहीस. पेढा एक उचललास आणि पुडा रांगेतल्या पेशंटांपुढे फिरवलास. वर म्हणालीस, काकू, मी काय केलं, स्लाइड तर पाहिली. तुझा पगार किती ते मी विचारलं नाही, पण तुझ्या चपलांकडे माझं लक्ष गेलं. आयुष्यभर शाळेत शिकवलं मी. हुशार मुलं ढिगाने पाहिली. आपल्याला अधिकार नाही, उद्या बोलणी बसतील, हे ठाऊक असूनही पुढे होऊन विचारणारी मुलं थोडी. जग चालतं ते बहुधा अशाच, पाट्यांवर नाव नसलेल्या माणसांवर: रात्रपाळीची नर्स, "आजी, ही गाडी तुमची नाही" म्हणून खाली उतरवून देणारा एसटीचा कंडक्टर, आणि तू. मोठ्यांचे सत्कार होतात, शाली पांघरल्या जातात. असो, शालींचा विषय निघाला की मी फार बोलते.

सूनबाई आता बरी आहे. ती गोळी तिला कायमची बंद, आणि त्याच जातीची दुसरीही चालायची नाही, म्हणून रेडिओआयोडीन, म्हणजे किरणं सोडणारं आयोडीन, देऊन ग्रंथी शांत केली. त्या किरणांमुळे लेकराला आईजवळ झोपू देत नाहीत, म्हणून काही दिवस नातू माझ्याच कुशीत झोपला. ग्रंथी थंडावली, म्हणून आता तीही पहाटे उठून आळीतल्या बाकीच्या बायकांसारखी ती उपाशीपोटीची गोळी घेते. हे ऐकून त्या बायका घाबरल्या होत्या. त्यांना घरोघर जाऊन सांगितलं, की तुमच्या गोळीने हे होत नाही, तुम्ही आपली गोळी बंद करू नका. हे होतं ते ग्रंथी दाबणाऱ्या गोळ्यांनी.

अशी गोळी घेणारी आळीत नुकतीच एक निघाली, नवीन लग्न झालेली पोर. ते वाक्य मी तिच्याकडून पाठ करून घेतलं, आणि तिच्या नवऱ्याने तुझ्या लॅबचा नंबर फोनमध्ये घातलाय. त्याचा फोन आला तर उचल.

तुझी,
वाईची काकू