तो हमिंगबर्ड नव्हे, शिंजीर!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्याच्या पुरवणीत केळफुलावर बसलेल्या चिमुकल्या पक्ष्याचे सुरेख छायाचित्र पाहिले. खाली ओळ होती, ‘सातपुड्याच्या पायथ्याशी दुर्मीळ हमिंगबर्ड’. छायाचित्राला तोड नाही, पण तो पक्षी जांभळा शिंजीर आहे. रावेर-यावलपासून आमच्या शहाद्यापर्यंत केळीच्या बागांत, बांधावरच्या रुईवर आणि माघ-फाल्गुनात पळसावर तो हमखास भेटतो.

खूण छायाचित्रातच आहे. पक्ष्याने केळफुलाच्या कडेला नखे रोवून, मान वाकवून चोच आत घातली आहे. हमिंगबर्ड बहुधा हवेत तरंगत रस पितो. शिंजीरही क्षणभर हवेत थांबतो, पण रस बहुधा बसूनच पितो. पिवळट गळ्यापासून पोटाकडे उतरलेला काळसर पट्टाही स्पष्ट दिसतो. विणीचा हंगाम संपला की नराची निळी-जांभळी झळाळी जाते आणि हा पट्टा उरतो.

हमिंगबर्डच्या सुमारे 360 जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत व तिथल्या बेटांवर, अलास्कापासून थेट दक्षिण टोकापर्यंत. (जर्मनीत त्यांचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले आहेत, पण आज अमेरिकेबाहेर निसर्गात एकही जात नाही.) शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या गणातला. चोच लांब, अंगावर चकाकी, खाणे मध. एवढे साम्य सारख्या राहणीमुळे आले, रक्ताच्या नात्यामुळे नाही. हमिंगबर्डचे खरे भाऊबंद हवे असतील तर जुन्या पुलाखाली, किल्ल्याच्या कमानीत घरटी करणाऱ्या पाकोळ्या पाहा. दंडाचे हाड आखूड आणि पंजाचा भाग लांब, ही पंखाची ठेवण दोघांचीही.

दिसण्यावर विसंबून नावे द्यायला गेले की जाणकारही चकतात. इंग्रज पक्षितज्ज्ञ लॅथमने 1790 मध्ये आपल्या शिंजिराचे शास्त्रीय नामकरण केले, तेव्हा त्याला झाडाच्या सालीवर चढणाऱ्या पक्ष्यांच्या ‘सर्थिया’ प्रजातीत घातले होते. हमिंगबर्डमध्येही ‘अमाझिलिया’ या प्रजातीत कितीतरी जाती एकत्र ठेवल्या होत्या. डीएनए तपासल्यावर त्यातल्या अनेक एकमेकींच्या जवळच्या नाहीत असे दिसले आणि 2017 मध्ये त्यांची नव्याने वाटणी सुचवली गेली. अँडीजमधला महाकाय हमिंगबर्ड तर एकच समजला जाई. 2024 मध्ये कळले, की त्या दोन जाती आहेत आणि वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या आहेत.

नावात काय एवढे, असे म्हणणाऱ्यांना मी आपल्या रानपिंगळ्याची, म्हणजे रानातल्या छोट्या घुबडाची, गोष्ट सांगतो. डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले होते, शेवटचे 1884 चे. त्यातला एक मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने लंडनच्या संग्रहालयातून चोरला, त्यात नव्याने भराव भरला आणि 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याची खोटी चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोध भलत्याच ठिकाणी गेला. शेवटी 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे साथीदार जुने खरे नमुने पारखून इकडे आले, आणि रानपिंगळा आमच्या शहाद्याजवळ जिवंत सापडला. शंभरहून अधिक वर्षांनी!

म्हणून छायाचित्राखालच्या एका ओळीसाठी मी एवढे लिहितो आहे. आपल्या वृत्तपत्राची कात्रणे शाळांच्या फलकांवर लागतात, मुले ती वहीत उतरवून घेतात. पुढच्या पुरवणीत तेच छायाचित्र, छायाचित्रकाराच्या नावासह, ‘जांभळा शिंजीर, नर, विणीच्या हंगामाबाहेर’ अशा ओळीने पुन्हा छापावे, ही विनंती. यापुढे पक्ष्यांची छायाचित्रे छापण्याआधी जिल्ह्यातल्या एखाद्या पक्षिनिरीक्षकाला जरूर दाखवावीत. फोनवर पाठवले तरी पाच मिनिटांचे काम आहे.

आपला,
एक नियमित वाचक
शहादा, जि. नंदुरबार