कुत्रा, साप आणि घसा

महोदय,

डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन घसा सुजून वारले, तेव्हा डॉक्टरांनी आजाराला दिलेले ‘सिनँकी’ हे नाव वैद्यकातून आता हद्दपार झाले आहे. ग्रीकमध्ये ‘क्युऑन’ म्हणजे कुत्रा आणि ‘आंखेइन’ म्हणजे गळा आवळणे. धाप लागलेल्या कुत्र्याप्रमाणे रोग्याची जीभ बाहेर येते, म्हणून हे नाव, असे एक जुने स्पष्टीकरण आहे. टॉन्सिलजवळच्या गळवाला इंग्रजीत म्हणतात ते ‘क्विन्झी’ याच शब्दाचे झिजलेले रूप.

आपल्याकडे कुत्र्याऐवजी साप आला. डिफ्थेरिया तो घटसर्प, आणि पावसाळ्यापूर्वी म्हशींना टोचतात ती लसही घटसर्पाचीच, जरी दोन्हींचे जंतू निराळे असले तरी. नातवाच्या लसीकरणाचे कार्ड वाचून दाखवताच आमच्या गल्लीतल्या आजींनी विचारले होते, ‘म्हशीची लस पोराला कशाला रं?’

– एक वाचक, कोल्हापूर