वाचनालयांतून चित्रकोडीही मिळावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी खेळणे घेताना खोक्यावर छापलेले वय आणि किंमत या दोनच गोष्टी बहुतेक पालक पाहतात. ज्या मुलांना चित्रकोड्यांचे (जिगसॉ) तुकडे जोडण्याचा, कोडी सोडवण्याचा नाद असतो, त्यांच्या बाबतीत एवढ्यावर केलेली निवड हमखास फसते. या अडचणीवर सांगली-मिरजेतील वाचनालयांना एक सोपा उपाय करता येईल, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

खोक्यावरील ‘३+’ ही खूण प्रामुख्याने लहान भाग तोंडात जाऊन घशात अडकण्याच्या धोक्याशी संबंधित असते. आतील कोडे किती अवघड आहे, याचा तिच्यावरून काहीच बोध होत नाही. तुकड्यांची संख्या महत्त्वाची असतेच, पण चित्र त्याहून महत्त्वाचे असते. निम्मे चित्र निळ्या आकाशाने व्यापलेले असेल, तर बारा तुकडेसुद्धा मुलाला जड जातात. उलट बाजाराचे किंवा जत्रेचे गजबजलेले चित्र असेल, तर चोवीस तुकडे सहज जुळतात, कारण प्रत्येक तुकड्यावर ओळखीचे काहीतरी असते. माझी चार वर्षांची नात बैलगाडीचे चित्र जोडताना आधी शिंगे शोधते, मग चाक, आणि आकाशाचे सगळे तुकडे शेवटपर्यंत बाजूला सारून ठेवते. हे चित्र तोंडपाठ झाल्यावर तिने आपणहून तुकडे उपडे मांडले आणि चित्राचा आधार न घेता, केवळ कडांच्या वळणांवरून ते जोडायला सुरुवात केली. मूल तेच ते कोडे पुन्हा पुन्हा मांडते म्हणून कंटाळून ते उचलून ठेवणाऱ्या मोठ्यांनी हा टप्पा येईपर्यंत जरा धीर धरावा.

माँटेसरी पद्धतीतील लाकडी दट्ट्यांची ठोकळी अनेक वाचकांनी बालवाडीत पाहिली असेल. दहा दट्टे आणि त्यांच्या मापाची दहा भोके. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला, की शेवटी एखादा दट्ट्या जागेविना उरतो किंवा बसतच नाही, आणि चूक बाईंनी न सांगता मुलालाच दिसते. डॉ. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. पण त्याआधीच, १९२६ मध्ये, बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघाचे काम सुरू केले होते. पुढे पालघर जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड या गावी ताराबाईंनी महागड्या साधनांवाचून, परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभे करून दाखवले. हे सारे आठवले, की तुकडा बसताच ‘व्हेरी गुड’ ओरडणारी बॅटरीची खेळणी मला अजिबात पटत नाहीत. बरोबर की चूक, हे ठरवण्याचा मुलाचा आनंदच ती हिरावून घेतात. शिवाय त्यांतील बटणासारखा चपटा सेल गिळला गेला, तर अन्ननलिकेला दोन तासांच्या आतही गंभीर इजा होऊ शकते. सुट्ट्या लोहचुंबकांचे तुकडेही असेच घातक असतात.

आपले शहर बुद्धिबळाचे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे येथील घराघरांत पट पोचला, याचा अभिमान मलाही आहे. तथापि मूल कोड्यांत रमते असे दिसताच चौथ्या वर्षीच क्लास लावण्याची घाई मात्र नको. या वयात फोडलेले चिंचोके किंवा कवड्या टाकून घरे मोजत सोंगटी पुढे नेण्याचा खेळ अधिक उपयोगी ठरतो. मोजणी होते, पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि हरणेही अंगवळणी पडते.

आता मूळ मागणीकडे येतो. गोष्टीचे पुस्तक वर्षानुवर्षे वाचले जाते, ठोकळ्यांतून रोज नवे काही उभे राहते. चित्रकोडे मात्र एकदा पुरते आत्मसात झाले, की त्याचे काम संपते आणि मूल पुढचे मागते. दर महिन्याला नवे कोडे घेणे बहुतेक कुटुंबांना परवडणारे नाही, आणि घरोघरी माळ्यावर धूळ खात पडलेली खोकी तर आपण सगळेच पाहतो. म्हणून शहरातील वाचनालयांनी आपल्या बालविभागांत पुस्तकांच्या जोडीने चित्रकोडी घरी नेण्यास द्यावीत. सुरुवात देणगीतून करता येईल. नवी खरेदी करताना मात्र आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट असल्याने त्यांची लाकडी खेळणी चिन्हाविना मिळू शकतात. ती घेताना रंग आणि कडा हाताने तपासाव्यात.

तुकडे हरवतील, ही शंका रास्त आहे. प्रत्येक कोड्याच्या सर्व तुकड्यांच्या पाठीवर एकच अंक लिहावा, म्हणजे दोन कोडी एकत्र मिसळली तरी निवडता येतात. खोकी लवकर फाटतात, तेव्हा नाडीच्या कापडी पिशव्या शिवून घ्याव्यात आणि तुकड्यांची संख्या पिशवीवरच लिहावी. अनामत रक्कम माफक असावी आणि परत घेताना तुकडे मोजण्याचे काम मुलालाच सांगावे. एखादा तुकडा हरवलाच, तर पुठ्ठ्याचा कापून बसवता येतो. त्यासाठी दंड आकारू नये. एखाद्या वाचनालयाने तयारी दाखवल्यास पिशव्या शिवून देण्याचे आणि अंक घालण्याचे काम करण्यास आम्ही काही निवृत्त मंडळी आनंदाने पुढे येऊ.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली